दिव्याकडे पाठ

दिल्लीत अंधार पडतो, रात्र मात्र होत नाही. दिवस मावळला की आकाश आधी राखाडी होतं, मग तांबूस, आणि पुढे पहाटेपर्यंत त्याच तांबूसपणात अडकून राहतं. पथदिवे, उड्डाणपुलांवरचे झोत, मॉलच्या भिंतींवरच्या जाहिराती, बांधकामांच्या क्रेनवरचे लाल दिवे, सगळ्यांचा उजेड हवेतल्या धुळीला चिकटतो आणि डोक्यावर तरंगत राहतो. नोकरीनं मला यवतमाळकडून इथं आणलं तेव्हा इथल्या थंडीबद्दल, उकाड्याबद्दल, घरभाड्याबद्दल सगळं सांगणारे भेटले. रात्र मागे ठेवून जायची आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ती पुन्हा भेटते गुरुग्राम ओलांडून सोहन्याच्या पुढे गेल्यावर. अरवलीच्या उतारालगतच्या एका गावात मित्राची थोडी जमीन आहे. बाग म्हणावी इतकी ती नेटकी नाही आणि शेत म्हणावं इतकी कामाची नाही. लिंबाची काही झाडं, पपया, शेवगा, कण्हेरीचं कुंपण, बोअरच्या खोलीजवळ रातराणी आणि एका कडुनिंबावर चढलेली गुळवेल. ही वेल करोनाच्या दिवसांत लावलेली. त्या काळात ‘गिलोय’ लावली नाही असं अंगण या भागात शोधून सापडलं नसतं. पुढे काढे बंद झाले, वेल वाढतच राहिली. कुंपणापलीकडे पावसाळ्यात बाजरी असते, थंडीत मोहरी. उत्तरेच्या क्षितिजावर शहराचा उजेड इथूनही दिसतो, पण निदान डोक्यावर काळोख असतो आणि त्या काळोखात उडणारं कुणीतरी असतं.

पावसाळ्यात इथं गेलो की मी रात्री चादर टांगतो. दोन खांबांमध्ये ताणलेली पांढरी सुती चादर, तिच्यापुढे मर्क्युरीचा दिवा, हातात वही आणि भिंग. एवढ्या साहित्यावर पतंग पाहता येतात. पाऊस पडून गेलेला असावा, हवा दमट असावी, वारा पडलेला असावा आणि अमावास्या जवळ आलेली असावी. चांदणं पडलं की पाहुणे कमी होतात. जे दिव्याला भुलत नाहीत त्यांच्यासाठी पिकून काळी पडलेली केळी आणि गूळ एकत्र कालवून झाडाच्या खोडाला फासायचा. आंबट-गोड वासावर काही मोठे पतंग तासाभरात येऊन चिकटतात.

शेजारच्या शेतातले ताऊ पहिल्यांदा हा प्रकार पाहायला आले तेव्हा बराच वेळ काठीवर हात ठेवून उभे राहिले. “रात नै चादर टांग कै के देखो सो?” त्यांनी विचारलं. पतंग पाहतोय म्हटल्यावर त्यांनी चादरीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “इनमैं देखण का के सै?”

प्रश्न रास्त होता. पहिल्या नजरेला चादरीवर पाहण्यासारखं काही नसतंच. मातकट, करडे, फिकट, बहुतेक नखाएवढे. फुलपाखरांचं बरं असतं. ती दिवसा येतात, रंग दाखवतात, फुलावर बसून फोटो काढू देतात. जगात फुलपाखरांच्या जाती सुमारे १८ हजार आणि पतंगांच्या दीड लाखाच्या आसपास. भारतातच पतंगांच्या दहा हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. तरी आपण या सगळ्यांना एकाच नावाखाली ढकलतो आणि दिवा मालवून झोपतो.

ओळख करून घ्यायची तर रंगापासून सुरुवात करू नये, बसण्यापासून करावी. पंख मागे तिरके ओढून, अंग टोकदार करून बसला तर तो हॉकमॉथच्या कुळातला. चारही पंख कापडावर सपाट पसरून चिकटला तर भूमापकांच्या घराण्यातला, ज्यांच्या अळ्या शरीराची कमान करत, वीत मोजत चालतात. पंखांचं उतरतं छप्पर करून बसला तर बहुधा शेतावरच्या अळ्यांचा आईबाप. आणि इंग्रजी टी अक्षरासारखा, काडीवर काडी ठेवावी तसा आडवा-उभा दिसला, तर तो पिसांच्या पंखांचा चिमुकला पतंग. त्याचे पंख खरोखरच पिसांसारखे चिरलेले असतात. मग मिशा पाहायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी साधी दोऱ्यासारखी किंवा दोन्ही बाजूंनी दाते फुटलेली असते. अशा दातेरी मिशांचा बहुधा नर. दूरवरच्या मादीचा गंध त्याला त्या मिशांनी टिपायचा असतो. त्यानंतर पुढच्या पंखावरच्या खुणा. अनेक जातींत तिथे एक गोल ठिपका आणि त्याच्या पुढे एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असतो. त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर, त्यांच्या कडा, त्यांच्या मागची नागमोडी रेघ यांवरून जात ठरते. शेवटी मागचे पंख. ते पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात आणि ते दिसेपर्यंत थांबावं लागतं. धीर नसलेल्याला पतंग ओळखता येत नाहीत.

गुळाच्या लेपावर येणारा एक मोठा पतंग या थांबण्याचं मोल सांगतो. पंख मिटलेले असताना तो खोडाला अडकलेलं वाळकं पान वाटतो. पानाची शीरसुद्धा त्याच्या पंखावर रेखलेली असते. आणि तो उघडला की आत लखलखीत नारिंगी, त्यावर काळे पट्टे. याची सोंड फुलातला मध पिण्याइतकी नाजूक नाही. तिच्या टोकाला काटे असतात आणि तिनं तो फळाची साल भोसकून रस पितो. नागपूरकडचे संत्रा-मोसंबीवाले त्याला फळातला रस शोषणारा पतंग म्हणून ओळखतात आणि बहराच्या दिवसांत संध्याकाळी बागेत धूर करतात. त्याची अळी मात्र संत्र्याच्या झाडावर कधीच नसते. ती गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. म्हणून तर बागेभोवतीच्या या वेली काढून टाका, असा सल्ला तिकडे देतात. सोहन्यापलीकडच्या या बागेत तो पतंग का येतो याचं उत्तर कडुनिंबावर चढून बसलेलं आहे. साथीच्या भीतीनं माणसांनी लावलेली वेल आता त्याच्या पिढ्या पोसते आहे.

पतंगाचं नाव कळलं की असं एक झाड कळतं. तीळ पेरलेल्या शेतावरून येणारा जाडजूड हॉकमॉथ पाठीवर कवटीसारखी आकृती मिरवतो आणि हात लावला तर चक्क चीची करतो. सोंडेच्या मुळाशी हवा आत-बाहेर करून तो हा आवाज काढतो. हा दांडगट मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. अळीपणी मात्र तिळाची पानं खातो. दुसरा, पोटाला नारिंगी रंग आणि काळे ठिपके असलेला, गंगिस नावाचा. ज्या लिनियस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं त्याला गंगेचं नाव दिलं, त्यानं गंगा कधी पाहिली नव्हती. या पतंगाचा नर मादीला बोलावताना पोटाच्या टोकातून चार लांब केसाळ नळ्या फुगवतो. त्या त्याच्या देहाहून मोठ्या होतात आणि त्यांतून तो गंध सोडतो. अळी असताना भुरुंडी किंवा तागीसारख्या वनस्पतींमधली कडू, विषारी द्रव्यं पोटात गेली असतील तरच त्या नळ्या नीट फुगतात. बालपणी कडू मिळालं नाही तर याला तारुण्यात प्रेयसी मिळणं अवघड.

पपईवर फळ धरतं ते बरंचसं याच मंडळींमुळे. पपईची फिकट, सुगंधी फुलं संध्याकाळनंतर हॉकमॉथ धुंडाळतात, हवेत एका जागी तरंगत, लांब सोंड आत घालून. रातराणी, पारिजातक, जाई या फुलांचं पांढरेपण आणि रात्री सुटणारा त्यांचा वास आपल्याला आपल्यासाठी वाटतो. पण ज्यांच्यासाठी ते आहे ते पाहुणे आपण झोपल्यावर येतात.

चादरीपाशी बसून कंटाळा आला तर किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. उडणारे काही पतंग एकदम गिरकी घेतात, काही दगडासारखे खाली पडतात. किल्ल्यांच्या खुळखुळाटात माणसाला ऐकू न येणारे उंच सूर असतात आणि वटवाघूळ शिकार शोधताना तसेच सूर फेकतं. छातीच्या बाजूला असलेल्या इवल्या कानांनी पतंग ते ऐकतो आणि जीव वाचवायला कोसळतो. बोअरच्या खोलीत वटवाघळं आहेत. म्हणजे या अंगणात रोज रात्री ही झुंज चालू असते आणि आपल्याला ती शांत रात्र वाटते.

ताऊंच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी एका पांढऱ्या पतंगानं दिलं. मोसमाचा पहिला दणकेबाज पाऊस होऊन गेला होता. चादरीवर पांढऱ्याशुभ्र पंखांचा, पुढच्या कडेला लाल रेघ आणि पोटाला लाल रंग असलेला एक जण येऊन बसला, मग त्याच्यासारखे आणखी. मी ताऊंना म्हटलं, “हा तुमचा कातरा.” ताऊ एकदम वाकले. कातरा म्हणजे या पट्ट्यातल्या बाजरीवर, गवारीवर तुटून पडणारी केसाळ अळी. उभं आयुष्य ती ताऊंनी पाहिली होती, मारली होती, चर खणून अडवली होती. पण तिची आई त्यांनी ओळखीच्या नजरेनं कधी पाहिली नव्हती. ही जात वर्षाचा मोठा भाग जमिनीत कोषात काढते, पहिल्या पावसानं ओल खाली उतरली की पतंग होऊन वर येते आणि लगेच अंडी घालते. म्हणूनच पहिल्या पावसानंतर बांधावर दिवे किंवा शेकोट्या लावून हे पतंग मारावेत असं कृषी खातं सांगत आलं आहे. ताऊंनी भिंग मागून घेतलं. त्या रात्री ते उशिरापर्यंत थांबले आणि चादरीवरच्या प्रत्येकाकडे बोट करून एकच विचारत राहिले, हा काय खातो?

मला तो प्रश्न परका नव्हता. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला अळी आधी ठाऊक होते, पतंग नंतर. आमच्याकडे बोंडअळी, घाटेअळी, खोडकिडा, उंटअळी हे शब्द पोरांना पाढ्यांबरोबर येतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस आतून पोखरला तेव्हा ज्या बीटी बियाण्याच्या भरवशावर लोक होते त्या भरवशालाच तिनं भोक पाडलं. बोंड वरून निरोगी, आत किडकी सरकी. त्या अळीचा पतंग मात्र इतका बारीक आणि करडा की चादरीवर तो धुळीचा कण समजून झटकला जातो. हरभऱ्यातली घाटेअळी वाढून होणारा पतंग पिवळट तपकिरी, मागच्या पंखाच्या कडेला काळसर पट्टा असलेला. शेतकरी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतो आणि सापळ्यात किती नर अडकले ते मोजून फवारणीचा दिवस ठरवतो. म्हणजे पतंग ओळखणं आपल्याकडे छंद होण्याच्या फार आधीपासून पोटापाण्याचं काम आहे. २०१८च्या मे महिन्यात शिमोग्याजवळच्या मक्यावर अमेरिकेतली लष्करी अळी भारतात पहिल्यांदा सापडली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, एवढ्या खुणांवरून ती पुढे गावोगावच्या शेतकऱ्यांनी ओळखली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली होती. कुणीतरी ती आपल्या नेहमीच्या अळ्यांतली नाही असं वेळेत म्हटलं, म्हणून निदान इशारा तरी मिळाला.

पण नुकसानीचा हिशेब हा पतंगांचा पूर्ण हिशेब नव्हे. आमच्याच विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ढिवर समाजाची माणसं ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात आणि पाखरं, मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. तो टसरचा पतंग कोषातून बाहेर पडतो तेव्हा त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर तो थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मरतो. एकाच मुलखात एका अळीनं घर बसवलेलं असतं आणि दुसऱ्या अळीनं उठवलेलं. सगळ्यांना ‘किडे’ म्हणून एकाच फवाऱ्याखाली आणणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

हा फरक पाहायला शिकवणारी माणसं आपल्या देशात होऊन गेली. जॉर्ज हॅम्पसन निलगिरीत चहाचे मळे करायला आले आणि पतंगांच्या नादी लागले. १८९२ ते १८९६ या काळात त्यांनी भारतीय पतंगांवर चार जाडजूड खंड लिहिले आणि आजही एखाद्या जातीचा माग काढताना वाट त्या खंडांपाशी जाते. मला त्यांच्याहून जवळचे वाटतात ते थॉमस बेल. १८६३ साली आयर्लंडमध्ये जन्मलेले, वनखात्यात उत्तर कानड्यात नोकरी केलेले आणि १९४८ साली कारवारलाच देह ठेवलेले. मेजर स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी १९३७ मध्ये हॉकमॉथ कुळाचा खंड प्रसिद्ध केला. टाचणीला लावलेल्या मेलेल्या पतंगाच्या वर्णनावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी अळ्या घरी आणून वाढवल्या. ती कोणत्या झाडाचं पान खाते, कशी बसते, कोष मातीत करते की पाचोळ्यात, हे सगळं पाहून लिहिलं. ताऊंचा प्रश्न आणि बेलसाहेबांचा प्रश्न एकच होता, आणि त्या प्रश्नात पतंगाचं सगळं आयुष्य येतं.

दिल्लीतही या अभ्यासाचं एक मोठं घर आहे. बिहारमधल्या पुसा इथे १९०५ साली शेती संशोधनाची संस्था उभी राहिली. १९३४च्या भूकंपात तिची इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. येताना गावाचं नावही घेऊन आली. तिच्या कीटकसंग्रहाच्या खणांमध्ये १९०७पासूनचे पतंग टाचण्यांना लागून आहेत. ते जुने नमुने आणि २०१२ ते २०२० या काळात दिवे लावून केलेल्या नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये दिल्लीच्या पतंगांची सचित्र यादी प्रसिद्ध झाली. तीत ३३८ जाती आहेत. ज्या शहराच्या हवेची बातमी दर हिवाळ्यात जगभर जाते, त्या शहरात एवढं वैविध्य पंख मिटून बसलेलं आहे. पतंगांचा अभ्यास म्हटलं की सह्याद्री, हिमालय, ईशान्येकडची राज्यं डोळ्यांपुढे येतात. राजधानीला कुणी या कामासाठी मोजतच नव्हतं.

आणि तरीही दिल्लीइतकी पतंगांची आठवण दुसऱ्या कोणत्या शहरानं काढली असेल? हे मीर आणि गालिबचं शहर. इथल्या मैफिलींत शमा आणि परवाना पिढ्यान्‌पिढ्या जळत आले. आशिक म्हणजे परवाना, त्यानं ज्योतीवर जीव ओवाळायचा. आपल्या बाजूला गीतेच्या अकराव्या अध्यायात योद्धे विश्वरूपाच्या मुखात शिरतात ते आगीत झेपावणाऱ्या पतंगांप्रमाणे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं जे चोवीस गुरू सांगितले आणि ज्यांवर एकनाथांनी मराठीत विस्तारानं लिहिलं, त्यांत पतंगही आहे. रूपाला भुलू नये हा त्याचा धडा. त्याच चोवीसांत अळीला कोंडून आपलं रूप देणारी कुंभारीणही आहे. ध्यासानं अळी कुंभारीण होते असं आपण शतकानुशतकं ऐकत आलो. प्रत्यक्षात कुंभारीण अळीला नांगी मारून लुळं करते आणि आपल्या पिल्लाच्या तोंडी देते. त्या बंद मातीच्या घरट्यातून बाहेर पडते ती तिची लेक. अळी तिनं खाल्लेली असते.

दृष्टान्ताला मी नावं ठेवत नाही. संतांना कीटकशास्त्र सांगायचं नव्हतं, माणसाला सावध करायचं होतं, आणि ते काम त्यांनी चोख केलं. पण दृष्टान्तातला पतंग हा कुठलाच पतंग नसतो. त्याला जात नसते, झाड नसतं, हंगाम नसतो. तो आपल्या वासनेचा आरसा असतो. दोन हजार वर्षं आपण त्याच्यात स्वतःला पाहत राहिलो आणि समोर बसलेला तो पाहायचा राहून गेला.

तो दिव्याकडे का येतो याचा खुलासा २०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं केला. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे कीटक टिपले. यातल्या सोंधींचं नाव दिल्लीच्या त्या यादीवरही आहे. त्यांना दिसलं ते असं. कीटक दिव्याकडे तोंड करून धावत नव्हते. ते दिव्याकडे पाठ करत होते. कोट्यवधी वर्षं रात्री अधिक उजळ बाजू म्हणजे आकाश आणि काळोखी बाजू म्हणजे जमीन. उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडतो आहोत, हा त्यांचा जन्मजात भरवसा. दिवा जवळ आला की पाठ त्याच्याकडे वळते, वळता वळता उडणं कलतं आणि त्या कलण्यातून घिरट्या सुरू होतात. दिव्याच्या वरून जाणारा तर पाठ खाली करायला जाऊन उलटा होतो आणि कोसळतो. म्हणजे शमेवर जीव टाकायला कुणी आलेलंच नव्हतं. बिचाऱ्याचं वर-खाली हरवलं होतं.

त्या प्रयोगांत एका पतंगानं ही चूक केली नाही. कण्हेरीवरचा हॉकमॉथ दिव्यावरून नीट उडून गेला. का, ते अजून उलगडायचं आहे. या कथेत तो मला विशेष लक्षात राहिला, कारण दिल्ली परिसरातल्या हमरस्त्यांच्या दुभाजकांत मैलोन्‌मैल कण्हेर लावलेली आहे. हिरव्या आणि गुलाबी लाटांचा हा पतंग तिच्यावर वाढतो. त्याच्या अळीच्या पाठीवर दोन निळे डोळे रंगवलेले असतात आणि जी कण्हेर गुराढोरांनी खाल्ली तर ती दगावतात ती ही अळी आरामात फस्त करते. दोन्ही बाजूंनी ट्रकांचे झोत अंगावर येत असताना दुभाजकावर हे संसार चालू असतात.

बाकीच्यांचं मात्र नुकसान होतं. रात्रभर घिरट्या घालणारा पतंग खात नाही, जोडीदार शोधत नाही, अंडी घालत नाही. पहाट झाली की बुलबुल आणि कोतवाल चादरीवर आयती न्याहारी करायला येतात. म्हणून मी दिवा आधीच बंद करतो आणि चादर झुडपांत हलकेच झटकतो. शहरात तसं झटकायला कुणी नसतं. प्रत्येक कॉलनीच्या फाटकावर, प्रत्येक फार्महाउसच्या कुंपणावर पांढरे झोत सूर्य उगवेपर्यंत जळतात. दिल्लीनं २०१२ साली चिमणीला राज्यपक्षी केलं. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना मऊ अळ्या लागतात. अळ्यांसाठी पतंग लागतात आणि पतंगांसाठी त्यांचं झाड आणि त्यांचा काळोख. राज्यपक्ष्याचा पाळणा असा शेवटी रात्रीला टांगलेला आहे.

झाड परत आणता येतं, हे याच परिसरात दिसलं आहे. गुरुग्राममध्ये खाणींनी ओरबाडलेल्या अरवलीच्या एका तुकड्यावर २०१०पासून लोकांनी इथली मूळ झाडं लावली, विलायती कीकर हटवली, आणि तो अरवली जैवविविधता उद्यान म्हणून उभा राहिला. अभयारण्याबाहेर राहूनही निसर्ग राखणारी देशातली अशी पहिली जागा म्हणून २०२२ मध्ये त्याची नोंद झाली. धौ, सालई, पळस परतले की त्यांच्यावर जगणाऱ्या अळ्यांना पान मिळतं. काळोख परत आणायला तर झाड लावण्याइतकीही मेहनत नाही. बटण दाबायचं असतं.

तेव्हा ज्यांच्याकडे अंगण आहे, गच्ची आहे, निदान एक खिडकी आहे, त्यांनी यंदाच्या पावसाळ्यात एक जुनी पांढरी चादर टांगून पाहावी. येणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव शोधावं आणि ताऊंनी विचारलं तेच विचारावं, हा काय खातो? उत्तर एखाद्या दुर्लक्षित वेलीपाशी किंवा उपटून टाकायला निघालेल्या तणापाशी पोचेल. ते तण कोपऱ्यात राहू द्यावं. पानावर अळी दिसली तर फवारा उचलण्याआधी ती कोण आहे हे पाहावं. फाटकावरचा दिवा पिवळा घ्यावा, वरून झाकलेला घ्यावा, आणि पाहून झालं, काम झालं, की तो बंद करावा.